गन थुंकते, फवारा केळ्यासारखा वाकडा

प्रश्न: मी फोंड्याला फर्निचर पॉलिश आणि पीयूचं (पॉलियुरेथेनच्या लेपाचं) काम करतो. चवथ तोंडावर आलीय, दारांची कामं अंगावर आहेत आणि नेमकी आत्ताच माझी वर कप असलेली १.४ ची (नोझलचं भोक १.४ मिमी) स्प्रे गन बिघडली. फवारा सरळ उभा यायचा तो आता केळ्यासारखा वाकडा येतो, मधेच थुंकते पण. रोज रात्री अख्खी गन थिनरच्या डब्यात बुडवून ठेवतो, भोकं शिवणाच्या सुईने टोकरतो, म्हणजे काळजी घेतोच ना? नवीनच घेऊ का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: थांबा हो, एवढ्यात नवीन नको. जुन्या पुठ्ठ्यावर एक फवारा मारा, मग पुढची एअर कॅप (हवेची भोकं असलेली टोपी) अर्धा फेरा फिरवून परत मारा. वाक दुसऱ्या बाजूला गेला तर दोष कॅपच्या भोकात, होता तिथेच राहिला तर नोझल (रंग बाहेर पडतो ती तोटी) नाहीतर नीडलचं (नोझल उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सळईचं) टोक बघा.

आणि राग मानू नका, पण तुमची ती काळजीच नडलीय. अख्खी गन बुडवली की विरघळलेला रंग हवेच्या वाटांत शिरून तिथेच सुकतो, वर आतली पॅकिंग फुगतात नाहीतर कडक होतात. नीडलमागचं पॅकिंग सुकलं किंवा नोझल सैल राहिलं की रंगात हवा शिरते, तेच ते थुंकणं. सुईने तर कॅपचं पितळ खरवडतं आणि एकदा भोक मोठं झालं की ते काय परत लहान होत नाय, कॅपच बदलावी लागते. फक्त कॅप आणि नोझल थोडा वेळ भिजवा आणि माडाच्या हिराची काडी टोकाला तासून तिने हळूच साफ करा, मी तर वाढवणीतलाच (खराट्यातलाच) एक हीर मोडून घेतो.

काम संपलं की आधी हवा बंद करून पाइप काढा, उरलेला रंग ओता, कपात थोडं थिनर घालून ब्रशने आतून फिरवा, मग हवा जोडून तेच थिनर गनमधून मारा, स्वच्छ येईपर्यंत. मास्क लावून आणि बाहेर वाऱ्यावर. कपाच्या झाकणाचं बारीक भोक विसरू नका, ते बुजलं तरी रंग अडखळतो. खोलताना आधी नीडल मागे ओढून काढा आणि मगच नोझल, बसवताना उलट, नाहीतर दोन्ही एकमेकांना घासून खराब होतात. नीडलला थेंबभर तेल द्या पण सिलिकॉनवालं नको, पुढच्या दारावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतील.

पीयूत हार्डनर (लेप कडक करणारं द्रव) असतो, तो एकदा धरला की कुठलंच थिनर त्याला विरघळवत नाय. म्हणजे शीतकडी जेवून, जरा लवंडून मग गन धुतो हे पीयूला चालणार नाय, धुवा आणि मग जेवा.

हो, आणि कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडता ना? या पावसात खालचा कॉक उघडून बघाच.