तेरावा महिना नसतो म्हणून

नाशिक

पोरी,

काल रात्री तुझी एक्सेलची फाईल उघडली. दिंडोरीच्या द्राक्षबागेत गोडी छाटणी (फळासाठीची) ५ ऑक्टोबरला झाली असं तूच लिहिलंयस, आणि ११ ऑक्टोबरला पानावर डावणी रोग! सहाव्या दिवशी पान कुठलं गं? वेलीचे डोळेही फुटलेले नसतात. मग उलगडा झाला. तू भरलं होतंस १०/११, म्हणजे १० नोव्हेंबर. कॉम्प्युटरने अमेरिकन रीतीने महिना आधी वाचला. १३/११ मात्र त्याला तारीखच वाटली नाही, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून ती नोंद रकान्यात डावीकडे चिकटून बसलीय. काही तारखा फिरल्या, काही नुसता मजकूर झाल्या, आणि इशारा कुठेच नाही.

यापुढे वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिही: २०२४-११-१०. फायलींच्या नावातही तेच, म्हणजे त्या आपोआप ओळीने लागतात. तू एकटीच फसलेली नाहीस. ‘मार्च१’ या जनुकाचं एक्सेल १ मार्च करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर झालं. नमतं जनुकांनी घेतलं!

आता रिकाम्या चौकटी. सतराव्या वेलीपुढे काहीच नाही. डावणी नव्हती, की पाऊस आला म्हणून तू वेल पाहिलीच नाहीस? सरासरीत शून्य धरलं जातं, रिकामी चौकट वगळली जाते, उत्तरच बदलतं. रोग नसेल तर ० लिही. पाहिली नसेल तर चौकट रिकामी ठेव, पण शेजारच्या रकान्यात कारण हवंच.

मूळ फाईलला हात लावू नकोस, दुरुस्त्या प्रतीत कर. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या जागी. लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह तू एकाच सॅकमध्ये कोंबतेस, मी पाहिलंय. नाशिकरोडला सॅक गाडीत राहिली की दोन्ही गेले.

शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर वेगळ्या, कुलूपबंद फाईलमध्ये. इथे फक्त क्रमांक. कोणाची कोणती फवारणी चुकली, हे त्यांनी तुझ्या भरवशावर सांगितलंय.

आणि मराठी युनिकोडमध्येच टाइप कर. माझे दोन हंगाम एका जुन्या फाँटमध्ये अडकलेत. तो फाँट आता माझ्याकडे नाही, आणि गावांच्या नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

रविवारी शेतातली वही घेऊन ये, चिखलाच्या डागांसकट. नोव्हेंबरच्या पहिल्या बारा दिवसांची पानं आधी ताडून पाहू.

तुझे सर