लातूरहून आई-वडिलांना (वय साठीच्या पुढे) चीनमधल्या ह्वांगलाँगचे रंगीत कुंड दाखवायला न्यावं का?

न्या, पण विमानाने थेट तिथे उतरू नका. जवळचा विमानतळच ३,४०० मीटरच्या वर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. त्या भागातलं मोठं शहर चेंगडू मात्र ५०० मीटरच्या आसपासच आहे. तिथून टप्प्याटप्प्याने वर जा, मध्ये च्युझायगो या दरीपाशी, साधारण २,००० मीटरवर, दोन रात्री काढा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

जाताना रोपवे घ्या आणि लाकडी पायवाटेने सावकाश उतरत या. माझी आई दर वीस पावलांवर बसत होती, पण सगळ्यात वरच्या पंचरंगी कुंडांपाशी हात लावायची परवानगी नाही म्हणून कठड्यावर वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. निळं, हिरवं, पिवळसर पाणी, आणि कडा भाताच्या खाचरांच्या बांधासारख्या. हे बांध पाण्यातल्या चुन्याचे. बोअरच्या पाण्याने हिटरच्या कॉइलवर पांढरा खार चढतो ना, तोच प्रकार, फक्त हजारो वर्षं चाललेला.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जा. हिवाळ्यात बरीच कुंडं कोरडी असतात. उंचीमुळे डोकं दुखून मळमळायला लागलं तर लगेच खाली उतरा, तिकिटाच्या पैशांकडे बघू नका.