पत्रकात ‘कोड’ लिहावे की ‘पांढरे डाग’?

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला कोडावर घरोघर वाटायचे पत्रक काढायचे आहे. ‘कोड’ वाचून लोक दुखावतील, ‘पांढरे डाग’ लिहा, असे काहींचे म्हणणे. मजकूर, छपाई कशी ठेवावी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ‘पांढरे कोड’ लिहा. एकटा ‘कोड’ नको, कारण नागपुरात हिंदी कानावर असतेच आणि हिंदीतला ‘कोढ’ म्हणजे कुष्ठरोग. ‘श्वेतकुष्ठ’ शब्दही तीच गफलत करतो, तो गाळाच. शीर्षक ठेवा : ‘पांढरे कोड – एकाचे दुसऱ्याला लागत नाही’. ‘हा कुष्ठरोग नाही’ असे मथळ्यात ओरडू नका. त्याने कलंक फक्त कुष्ठरोग झालेल्याच्या दारात सरकतो.

नुसते ‘पांढरे डाग’ मात्र धोक्याचे, कारण कुष्ठरोगाचा चट्टाही फिकट असू शकतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, त्यावर स्पर्श, गरम, गार सगळे कळते. म्हणून आत ठळक चौकट हवी : ‘चट्टा फिकट किंवा लालसर असेल आणि तिथे बधिरपणा वाटत असेल, तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाच्या गोळ्या मोफत मिळतात आणि तो बरा होतो.’ ही चौकट नसेल तर बधिर चट्टेवाला निर्धास्त घरी बसेल.

कोडाच्या औषधाबद्दल एक गोष्ट हमखास सांगायची राहते. मलम लागू पडू लागले की केसांच्या मुळांभोवती बारीक तपकिरी ठिपके येतात. तो परत येणारा रंग; रोगी मात्र नवे डाग समजून मलम सोडतो. गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात, बोटांची टोके व ओठ फार हट्टी, हेही लिहा. आणि हो, संत्री, दही, मासे सोडायची गरज नाही. नागपुरात हा प्रश्न येणारच. उन्हाचे मात्र सांगा : पांढऱ्या डागाची कातडी लवकर भाजते, उन्हाळ्यात डाग झाका.

अक्षर १४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर चढतो. कागद चकचकीत नको, ट्यूबलाइटखाली वाचता येत नाही. फोटो आपल्याच रंगाच्या कातडीचे, लेखी परवानगीने घ्या. डोळ्यांवर काळी पट्टी नको, माणूस आरोपी वाटतो. फक्त हात किंवा गुडघा दाखवा. पत्रकाची झेरॉक्स होणारच, म्हणून आधी एक काळीपांढरी काढून फोटोत डाग ओळखू येतो का पाहा.

छापण्याआधी पाच जणांना वाचायला द्या. ‘समजले का?’ विचारलेत तर सगळे हो म्हणतील. ‘घरी सासूबाईंना काय सांगाल?’ असे विचारा आणि जिथे अडखळतील ते वाक्य बदला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर दोन मिनिटांत बोलून व्हॉट्सअॅपवर पाठवा.