टेक्सास १९४८: नोव्हेंबरचे नाही, ऑगस्टचे कागद मागा

तुमची पोस्ट वाचली आणि थेट माझंच जुनं दुखणं समोर आलं. जिथे वाचावं तिथे लिंडन जॉन्सन (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले) १९४८ मध्ये टेक्सासमधून ८७ मतांनी सिनेटवर गेले असं लिहिलेलं, आणि तुम्ही मागवलेल्या अधिकृत निकालात मात्र ते दोन तृतीयांश मतं घेऊन आरामात जिंकलेले. आकडे दोन्ही बरोबर आहेत. तुम्हाला पाठवलाय तो नोव्हेंबरचा निकाल, आणि भांडण झालं ते ऑगस्टमध्ये.

मलाही हेच झालं होतं. निकालाचे कागद ज्या सरकारी ऑफिसकडून मागवले त्याचं नाव घेत नाही. अर्जात मी 'रनऑफ' (पहिल्या दोघांत होणारी दुसरी फेरी) हा शब्द स्पष्ट लिहिला होता तरी त्यांनी नोव्हेंबरचाच तक्ता पाठवला, आणि वर पत्रात लिहिलं की या निवडणुकीबाबत कुठल्याही वादाची नोंद नाही. परत लिहिलं तर तेच पत्र, फक्त तारीख नवी. अहो, रनऑफ हा पक्षाचा विषय आहे, आमच्याकडे नसतो, एवढं एक वाक्य लिहायला काय जात होतं? दिवाळी अंकाच्या संपादकांनी ते पत्र बघून लेख बाजूला ठेवला, मुख्य मुद्दाच सरकारी कागदात नाही म्हणून. तो राग अजून गेलेला नाही.

तेव्हाच्या टेक्सासात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जिंकली की सीट खिशात, नोव्हेंबर नावापुरता. जुलैच्या पहिल्या फेरीत माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन जॉन्सनच्या सत्तरेक हजार मतांनी पुढे होते पण बहुमत कोणालाच नाही, म्हणून २८ ऑगस्टला दोघांत रनऑफ. शेवटचा आकडा जॉन्सन ४,९४,१९१ आणि स्टीव्हन्सन ४,९४,१०४.

पण माझं ऐकाल तर अंतिम आकड्यापेक्षा कुठला आकडा कुठल्या दिवशी आला ते बघा, सगळी गोम तिथे आहे. जॉन्सन १९४१ ची सिनेटची पोटनिवडणूक १,३११ मतांनी हरले होते, त्यांच्या बाजूचे आकडे आधीच जाहीर झाले आणि समोरच्यांचे मागून आले. १९४८ ला उलट झालं. मतदानानंतर सहा दिवसांनी जिम वेल्स काउंटीतल्या अ‍ॅलिस गावच्या १३ नंबरच्या पेटीत जॉन्सनची ७६५ मतं ९६५ झाली, आणि ज्यांनी कागद पाहिला ते सांगत की ७ ला वरून वेटोळं देऊन ९ केलाय. यादीच्या शेवटी दोनशेच्या वर नावं वाढलेली, एकाच शाईत, एकाच हातची, आणि चक्क आद्याक्षरांच्या क्रमाने! मतदार काय वर्णानुक्रमे रांगेत उभे राहतात? हा भाग तिथले स्थानिक राजकीय दादा जॉर्ज पार यांच्या दबदब्यातला. तिथले निवडणूक अधिकारी लुईस सालास यांनी १९७७ मध्ये ती मतं बनावट होती हे स्वतः सांगितलं.

पुढचं थोडक्यात. पक्षाच्या राज्य समितीने २९ विरुद्ध २८ ने जॉन्सनना मान्यता दिली, स्टीव्हन्सन फेडरल कोर्टात गेले, अ‍ॅलिसमध्ये चौकशी सुरूही झाली, तेवढ्यात सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी जॉन्सनचं नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर छापायला खालच्या कोर्टाने दिलेला मनाई हुकूम स्थगित केला आणि चौकशी अर्धवटच थांबली.

मी इतिहासकार नाही, वकील तर नाहीच, तेव्हा माझं मत मत म्हणूनच घ्या. पण स्टीव्हन्सनना साधुसंत करू नका. आधीच्या निवडणुकांत पार यांची मतं त्यांनाच जायची, आणि १९४८ लाही दुसऱ्या भागांत त्यांच्या बाजूने गडबड झाल्याचे आरोप आहेत. फक्त जॉन्सनना चोर ठरवणारा लेख मला अपुराच वाटतो, काळ्या मतदारांना या प्रायमरीत मत देता येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती, पोल टॅक्स (मत द्यायचं तर भरावा लागणारा कर) चालूच होता, त्याबद्दलही लिहा.

आता अर्ज परत करा आणि विषयातच 'डेमोक्रॅटिक प्रायमरी, दुसरी फेरी, २८ ऑगस्ट १९४८' असं घाला, नुसतं 'सिनेट निवडणूक' लिहिलंत तर परत नोव्हेंबरच येईल. कोर्टाचे कागद वेगळ्या अर्जात मागा, एकत्र मागितलं की दोन्ही अडकतात (निदान माझे अडकले, तुमच्याकडे नियम वेगळे असू शकतात). उत्तर येईपर्यंत २९ ऑगस्ट ते ४ सप्टेंबरचे टेक्सासमधले पेपर काढून ठेवा, बरेचसे ऑनलाइन स्कॅन झालेत, आणि रोजची आघाडी एका कागदावर उतरवा. संपादकांकडे जाताना तो कागद आधी पुढे करा, ऑफिसचं पत्र मागून.