घृणा अपराध? आधी ‘निर्घृण’ कुठून आला ते बघा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलंय, की मंडळातल्या लोकांसाठी त्या एक मराठी माहितीपत्रक करतायत, त्यात अमेरिकेतल्या हेट क्राइमचे, म्हणजे समोरच्याचा वंश, धर्म वगैरे बघून केलेल्या गुन्ह्यांचे, एफबीआयचे (तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेचे) आकडे द्यायचेत, तर हेट क्राइमला ‘घृणा अपराध’ लिहावं का ‘द्वेषगुन्हा’, आणि इंग्रजीत एकदा ‘रिपोर्टेड’ येतं एकदा ‘रेकॉर्डेड’ येतं, दोन्हीला ‘नोंदवलेले’ चालेल का. दुसऱ्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी ते ‘घृणा अपराध’ निकालात काढू, कारण ते कानावर पडलं की माझी सटकते.

हे आलं हिंदी बातम्यांतून, आहे तसं उचलून. हिंदीत घृणा म्हणजे नफरत, त्यांचा शब्द आहे, त्यांनी खुशाल वापरावा. मराठीत घृणा म्हणजे किळस, शिसारी. तुंबलेल्या मोरीत हात घालताना वाटते ती. एखाद्याची पगडी बघून कोणी त्याच्या दुकानाची काच फोडली तर त्याला काय शिसारी-गुन्हा म्हणायचं? आणि ‘अपराध’ तर आपल्याकडे देवापुढे कबूल करायचा असतो आणि त्याने तो पोटात घालायचा असतो. पोलीस ठाण्यात दाखल होतो तो गुन्हा.

पण खरी मजा पुढे आहे. परवाच एका चॅनेलवर खाली पट्टी फिरत होती, ‘घृणा अपराधातून तरुणाचा निर्घृण खून’. आता मला सांगा, निर्घृण म्हणजे काय? निर्दय म्हणजे दया नसलेला, निर्लज्ज म्हणजे लाज नसलेला, तसं निर्घृण म्हणजे घृणा नसलेला. म्हणजे त्या पट्टीप्रमाणे खून घृणेतून झाला आणि त्यात घृणा नव्हती! रोज पेपरात ‘निर्घृण’ वाचतो आपण, क्राइम रिपोर्टरला तर त्याशिवाय खून लिहिताच येत नाही, पण थांबून कोणी विचारत नाही की या माणसाच्या अंगात नेमकं काय नव्हतं म्हणून तो एवढा क्रूर झाला.

दया नव्हती. संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, सरळ ओळ आहे, ‘कारुण्यं करुणा घृणा’, आणि लगेच पुढे कृपा, दया, अनुकंपा. घृणा त्या रांगेत मानाने बसलीय. आणि त्याच्याही मागे गेलात तर घृण म्हणजे ऊन, ऊब, ताप. ज्यांच्या घरात सूर्याला अर्घ्य देतात त्यांनी ‘ॐ घृणिः सूर्याय नमः’ ऐकलं असेल, आमचे आजोबा पहाटे गच्चीत तांब्या घेऊन म्हणायचे, तिथली घृणि म्हणजे तेज, किरण. याच घराण्यातला घर्म, त्याचा झाला आपला घाम. फारसीतून आलेला गरम त्याचाच चुलतभाऊ, आणि ग्रीकमधला थर्मामीटरवाला थर्मसुद्धा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी भेटेल त्याला घाम आणि थर्मामीटर सांगत सुटलो होतो, घरच्यांनी सहन केलं.

मग ऊब, त्यातून दया इथवर ठीक आहे, पण दयेची किळस कशी झाली? इथे माझे एक संस्कृतवाले मित्र आहेत (नाव घेत नाही, ते वाचतीलच) त्यांचं म्हणणं की शब्दात किळसच पहिली, दया ही कवींची करामत. त्यांना मी इतकंच विचारतो की साहेब, मग निर्घृणचा अर्थ ‘ज्याला कशाचीच किळस नाही असा’ व्हायला हवा होता, म्हणजे एखादा सफाईकाम मन लावून करणारा भला माणूस. यावर ते विषय बदलतात. माझी थिअरी अशी, थिअरीच आहे, पण मराठी कानाला पटेल. रस्त्यावर जखमी माणूस दिसला की आपण आधी कळवळतो आणि जरा जास्त वेळ बघितलं की कळमळतं. कळवळणं आणि कळमळणं, एका अक्षराचा फरक, जागा एकच, पोट. संस्कृतातल्या घृणेने ही दोन्ही कामं एकटीने केली, मराठीने किळस ठेवून घेतली आणि दया ‘निर्घृण’मध्ये कुलूप लावून ठेवली. पोटाचं म्हणाल तर आपलं व्याकरणच सांगतं बघा, दयेपोटी मदत करतात आणि आकसापोटी कारवाई करतात.

आणि हाच तो शब्द जो मला ताईंना द्यायचाय, आकस. द्वेषगुन्हा चूक नाही, द्वेषमूलक गुन्हाही चालेल, पण अमेरिकेत जे मोजतात ते द्वेष मोजत नाहीत. १९९० च्या एप्रिलमध्ये थोरल्या बुशसाहेबांनी सही केलेल्या कायद्याच्या नावात ‘हेट’ आहे खरं, हेट क्राइम स्टॅटिस्टिक्स ॲक्ट, पण आत मजकुरात म्हटलंय की ज्या गुन्ह्यात वंश, धर्म वगैरेंबद्दलच्या ‘प्रेज्युडिस’चा, म्हणजे मनात आधीच धरलेल्या वाकड्या मताचा, पुरावा दिसतो ते मोजा. एफबीआयची व्याख्याही तशाच ‘बायस’वर चालते, गुन्हा पूर्णपणे किंवा अंशतः त्या बायसमुळे झालेला हवा, आणि नुसता मनात द्वेष असणं हा गुन्हाच नाही हे ते स्वतःच सांगतात. तुमच्या न्यू जर्सीच्या कायद्यात तर गुन्ह्याचं नावच ‘बायस इंटिमिडेशन’, म्हणजे बायसपोटी धमकावणं, आहे. बायसला ‘पूर्वग्रह’ म्हणतात ते मला पचत नाही, पूर्वग्रह माझाही असतो, कोकणी आंबा सोडून बाकीच्या आंब्यांबद्दल आहे, मी कुणाची काच फोडत नाही. पूर्वग्रह बसून असतो, आकस काढला जातो. ‘आकस काढणे’ हे क्रियापदासकट तयार आहे आपल्याकडे.

शिवाय त्याचं मूळ बघा. अरबी ‘अक्स’, म्हणजे उलट, आणि उर्दूत तोच अक्स म्हणजे प्रतिबिंब. उलटा म्हणून विरोधी, विरोधी म्हणून मनात वाकडं धरणारा, हा सरळ रस्ता. पण मला दुसरा अर्थ सोडवत नाही. या गुन्ह्यात मारणाऱ्याला समोरचा माणूस दिसतच नाही, त्याच्यात त्याला कुठल्यातरी जमातीचं प्रतिबिंब दिसतं आणि तो दगड मारतो त्या प्रतिबिंबाला. १९८७ साली जर्सी सिटीत एक टोळकं स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवायचं, डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली, भारतीयांना शहरातून हाकलून काढू असं पत्र त्यांनी तिथल्या पेपरला पाठवलं होतं. त्यांना कुठल्या बाईचं नाव माहीत होतं? टिकली दिसली की झालं. तेव्हा एफबीआयकडे असल्या गुन्ह्यांचा रकानाच नव्हता, आणि पुढे रकाना आला तरी त्यात ‘हिंदूविरोधी’ आणि ‘शीखविरोधी’ हे वेगळे कोड २०१५ मध्ये आले, म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात २०१२ साली गोळीबार झाला त्याची नोंद करायला फॉर्ममध्ये शीखविरोधी असा चौकोन नव्हता.

(कोणीतरी म्हणेलच की आपला ‘तेढ’ शब्द काय वाईट आहे. वाईट काहीच नाही, ‘दोन समाजांत तेढ निर्माण करणे’ हे आपल्या पोलिसांचं पाठ झालेलं वाक्य आहे. पण तेढ दोघांत असते, आकस एकाच्याच मनात असतो. समोरचा बिचारा दूध आणायला निघालेला असतो.)

हां, रिपोर्टेड-रेकॉर्डेड राहिलं. नाही ताई, दोन्हीला ‘नोंदवलेले’ अजिबात चालणार नाही, आणि दोष इंग्रजीचाच आहे, कारण एकच ‘रिपोर्ट’ तिथे दोन वेगळ्या पायऱ्यांना वापरतात. ज्याच्यावर गुन्हा झाला तो पोलिसांकडे जातो ती पहिली पायरी, तिला ‘तक्रार केली’ म्हणा. पोलीस ते कागदावर घेतात, मग आधी एक अधिकारी बायसचा संशय नोंदवतो आणि दुसरा कोणी तपासून ठरवतो, ती दुसरी पायरी, ‘नोंद झाली’, हेच ‘रेकॉर्डेड’. नंतर ते ठाणं वर एफबीआयला आकडा पाठवतं, ‘कळवलं’, आणि पहिल्या पायरीसारखं यालाही इंग्रजीत ‘रिपोर्ट’च. ही तिसरी पायरी सगळ्यात डुगडुगती, कारण संघराज्याच्या कायद्यात ठाण्यांवर ती सक्ती नाही, अठरा हजारांच्या आसपास पोलीस यंत्रणा आहेत, काही काहीच कळवत नाहीत आणि कळवणाऱ्यांपैकी बहुतेक जण शून्य कळवतात. २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सविलला जमावात गाडी घालून हेदर हायर या बाईला मारलं, त्या ड्रायव्हरने कोर्टात हेट क्राइमचे २९ आरोप कबूल केले, आणि एफबीआयच्या हेट क्राइमच्या आकड्यांत ती हत्या नव्हतीच. असे आकडे नीट कळवले जावेत म्हणून तिच्या आणि ओक्लाहोमातल्या खालिद जबाराच्या नावाने २०२१ मध्ये कायदा करावा लागला, जबाराचा खूनही तसाच आकड्यांतून निसटला होता.

त्यामुळे ‘२०२३ मध्ये अमेरिकेत ११,८६२ हेट क्राइम घडले’ असं पत्रकात लिहू नका, कृपा करून. तेवढे प्रसंग ठाण्यांनी एफबीआयला कळवले. तिथलंच न्याय खातं घरोघरी जाऊन बारा वर्षं आणि त्यावरच्या लोकांना विचारतं तेव्हा २००४ ते २०१५ या काळासाठी वर्षाला सरासरी अडीच लाख निघाले आणि त्यातले निम्म्याहून जास्त पोलिसांपर्यंत गेलेच नव्हते. मोजायची पद्धत वेगळी आहे हे मान्य, एकात लोक स्वतः सांगतात आणि दुसऱ्यात पोलीस ठरवतात, म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी एकाच शब्दाखाली ठेवलेत तर वाचणारा हमखास गोंधळेल. इंग्लंडात आणखी तिसरंच, तिथे स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनानंतरच्या १९९९ च्या मॅकफर्सन चौकशी अहवालापासून ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला किंवा इतर कोणालाही तो आकसापोटी झाला असं वाटलं तरी पोलीस तशी नोंद घेतात. म्हणजे तिथे आकस दिसला कोणाला, यावर मोजणी सुरू होते.

तर पत्रकात पहिल्यांदा ‘हेट क्राइम, म्हणजे आकसापोटी केलेला गुन्हा’ असं लिहा आणि पुढे बिनधास्त ‘आकसगुन्हा’. लोक आधी नाकं मुरडतील. संस्कृतवाले मित्र अरबी शब्द म्हणून मुरडतीलच, त्यांना म्हणावं ‘गुन्हा’ पण फारसीच आहे, तो काय अमरकोशातून आणलाय का.