मधु दंडवते पाच वेळा जिंकले तो राजापूर लोकसभा मतदारसंघ आता यादीत का दिसत नाही? रत्नागिरी-सिंधुदुर्गचा जुना निवडणूक इतिहास तोच धरायचा का?

राजापूर आजही यादीत आहे, पण विधानसभेच्या. लोकसभेच्या राजापूरने २००४ मध्ये शेवटचं मतदान केलं. २००१ च्या जनगणनेवर बेतलेली पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली आणि कुलाबा, रत्नागिरी, राजापूर या तीन जागा जाऊन रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग अशा दोनच उरल्या. राज्याच्या ४८ जागा कायम होत्या, वाढ झाली ठाण्याच्या बाजूला. चाकरमानी गावच्या शिमग्याला येतो, पण जनगणनेत मोजला जातो तो मुंबई-ठाण्यात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: अर्धाच धरा. आजच्या मतदारसंघात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. यातले चिपळूण आणि रत्नागिरी जुन्या रत्नागिरी लोकसभेतून आले. त्याच जागेतले दापोली आणि गुहागर रायगडला गेले. त्यामुळे २००४ च्या राजापूरची मतं २००९ च्या मतांशेजारी ठेवून ‘इतक्या टक्क्यांनी घटली’ म्हणणं चुकीचं ठरतं. दोन्हीकडचा मतदारच वेगळा आहे.

दोन जुन्या जागांचा स्वभावही एक नव्हता. १९५७ च्या संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत राजापूरने प्रजासमाजवादी नाथ पै यांना निवडलं, तर शेजारच्या रत्नागिरीने जनसंघाचे प्रेमजीभाई आशर. त्या वर्षी जनसंघाचे देशभरात चारच खासदार होते, त्यातले हे एक! पुढे १९६२ आणि १९६७ ला रत्नागिरीतून काँग्रेसच्या शारदा मुखर्जी आल्या, राजापूर मात्र नाथ पैंकडेच राहिलं.

१९७१ पाशी बरेच जण अडखळतात. नाथ पै १८ जानेवारी १९७१ ला गेले, त्यामुळे दंडवते पोटनिवडणुकीतून आले असं वाटू शकतं. तसं नाही. लोकसभा २७ डिसेंबर १९७० लाच बरखास्त झाली होती, त्यामुळे पोटनिवडणुकीचा प्रश्नच नव्हता. मार्चच्या सार्वत्रिक निवडणुकीत दंडवते प्रजासमाजवादी पक्षाकडून जिंकले आणि नंतर १९७७, १९८०, १९८४, १९८९ असे सलग निवडून येत गेले. आयोगाच्या १९७७ च्या नोंदींत जनता पक्षाचे उमेदवार ‘भारतीय लोकदल’ या नावाखाली सापडतात, कारण निवडणूक त्या पक्षाच्या नावावर आणि नांगरधारी शेतकरी या चिन्हावर लढवली गेली. दंडवत्यांनी मध्ये पक्ष बदलला असा अर्थ काढू नका. १९८९ ची नोंद जनता दलाची.

माझ्या मते या सगळ्यांत वजनदार निकाल १९८४ चा. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा घेतल्या आणि तरी राजापूर दंडवत्यांनी राखलं. १९९१ मध्ये काँग्रेसच्या सुधीर सावंतांनी ही जागा घेतली. १९९६ पासून २००४ पर्यंत चारही वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू.

२००९ नंतरचा इतिहास पक्षाच्या रकान्यावरून वाचायला गेलात तर फसाल. पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसचे निलेश राणे प्रभूंना हरवून जिंकले. २०१४ मध्ये त्याच निलेश राणेंना ३,४३,०३७ मतं मिळाली आणि शिवसेनेच्या विनायक राऊतांकडून ते १,५०,०५१ मतांनी हरले. २०१९ ला काँग्रेस ६३ हजारांच्या आसपास आली. पाच वर्षांत काँग्रेस बुडाली म्हणावं तर तो मतदार गेला कुठे? राणेंबरोबर. निलेश राणे तेव्हा महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाकडून उभे होते आणि त्यांना २ लाख ७९ हजारांवर मतं पडली. राऊत १,७८,३२२ मतांनी जिंकले. २०२४ ला नारायण राणे भाजपचे उमेदवार. म्हणून तक्ता बनवताना पक्षाशेजारी ‘राणे गट’ असा जादा रकाना ठेवा, नाहीतर आकड्यांचा मेळ लागत नाही.

२०२४ ला राणेंना ४,४८,५१४ आणि राऊतांना ४,००,६५६ मतं पडली, फरक ४७,८५८. जागा भाजपकडे गेल्याने आणि राऊत मशालीवर लढल्याने १९९६ पासून प्रत्येक लोकसभा निवडणुकीत इथल्या मतपत्रिकेवर असलेलं धनुष्यबाण या वेळी नव्हतं. निकालाचा नकाशाही सरळ दुभंगला: रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही मतदारसंघांत राऊत पुढे, सिंधुदुर्गातल्या तिन्हींत राणे. एकट्या कणकवलीची आघाडी ४० हजारांच्या पुढे होती.

हे विधानसभानिहाय आकडे ‘नमुना २०’ मध्ये मिळतात, तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. कुडाळ आणि कणकवलीची २००४ शी तुलना करायला जाऊ नका. तेव्हा देवगड, मालवण, वेंगुर्ले असे वेगळेच मतदारसंघ होते. गावनिहाय केंद्रं जुळवून बेरीज केली तरच काही हाती लागतं, आणि तिथेही केंद्र क्रमांकावर विसंबू नका, क्रमांक बदलतात. केंद्राचं नाव पाहा. सहा मतदारसंघांची बेरीज अंतिम आकड्यापेक्षा थोडी कमी भरली तर पुन्हा मोजत बसू नका. टपाली मतं वेगळ्या ओळीत असतात.