राणीची वाव पहिल्यांदा बघताना

राणीची वाव बघायला गुजरातमधल्या पाटणला जातोयस तर सकाळीच पोच. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे कोवळं ऊन पायऱ्यांवरून थेट आत, पश्चिम टोकाच्या विहिरीकडे जातं. सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या स्मरणार्थ राणी उदयमतीने 11व्या शतकात ही बांधली. सात मजल्यांचं देऊळ उलटं करून जमिनीत उतरवल्यासारखी रचना आहे.

घाईने फोटो काढत खाली उतरू नकोस. आधी वरच्या काठावर उभं राहून मंडपांचे खांब बघ. वरचे बरेच दगड नाहीसे झालेत, पण खालचं कोरीवकाम अजून धारदार वाटतं. त्याचं कारण सरस्वती नदी! पुराच्या गाळाने वाव शतकानुशतकं बुजून राहिली. पुरातत्त्व खात्याने तो उपसल्यावर 500हून जास्त मोठी शिल्पं पुन्हा उजेडात आली.

मग एकच विषय धर. मी नवख्यांना दशावतार सुचवतो, वराह आणि वामन पटकन ओळखू येतात. शेषशायी विष्णू मात्र विहिरीच्याच भिंतीत शोध, अगदी पाण्याच्या बाजूला. छोटी दुर्बीण आणि वही जवळ ठेव. शिल्पांना हात लावू नकोस, वालुकाश्म मऊ असतो.